हौशी छायाचित्रकारांच्या अडचणी : कॅमेरा, प्रवास आणि जुन्या फोटोंचं स्कॅनिंग



पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघालं आणि यवत मागे पडलं, की भांडगाव लागतं. दौंड तालुक्यातलं हे महामार्गावरचं गाव. इथून तास-दीड तासाच्या अंतरात फोटो काढायला काय नाही! यवतजवळ डोंगरावर भुलेश्वराचं कोरीव मंदिर आहे. जेजुरीला खंडोबाचा भंडारा उधळतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसतात. उसाच्या हंगामात गुऱ्हाळं धडधडतात, आणि आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडकडे याच रस्त्याने जाते.

आता बहुतेक घरांत मोबाईल आहे, म्हणजे कॅमेराही आहे. तरीही तक्रारी त्याच ऐकू येतात. "सर, फोटो धुरकट आला." "मॅडम, कार्डमधले फोटोच उडाले." "आजोबांचा फोटो स्कॅन केला, पण चेहराच ओळखू येत नाही." यातल्या फार थोड्या तक्रारींचं कारण स्वस्त कॅमेरा हे असतं. धूळ, ओल आणि घाई या तीन गोष्टींनीच जास्त फोटो बिघडतात. यांच्यावर उपाय करायला फारसा पैसा लागत नाही, सवय लागते. म्हणूनच हा विषय शाळेत शिकवण्यासारखा आहे.

सुरुवातीला एक फरक लक्षात घेऊ. काही फोटो पुन्हा काढता येतात. भुलेश्वराच्या मूर्तीचा फोटो हलला, तर पुढच्या रविवारी पुन्हा जाता येईल. काही फोटो मात्र पुन्हा काढता येत नाहीत. भीमेवर उजनी धरण झालं, १९८० च्या सुमारास पाणी भरलं आणि इंदापूर, दौंड, करमाळा या भागातल्या कितीतरी गावांच्या जुन्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर पाणी खूप खाली गेलं की आजही उघडं पडतं. पण तिथली घरं, पार, शाळा, बाजाराचा दिवस हे आता कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीतल्या फोटोतच असेल तर असेल. असा एक फोटो कसरीने खाल्ला, तर गावाचा तेवढा भाग कायमचा गेला. या लेखात आधी कॅमेरा, मग प्रवास आणि शेवटी जुने फोटो असा क्रम घेतला आहे. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

१. कॅमेरा आणि मोबाईलच्या अडचणी

फोटो धुरकट येणे. मोबाईलच्या बाबतीत दहातल्या नऊ वेळा कारण एकच असतं, लेन्सवर बोटाचं तेल लागलेलं असतं. दिव्याभोवती लांब रेघा दिसल्या किंवा सगळ्या फोटोवर पांढुरकी साय आल्यासारखं वाटलं, तर धुतलेल्या मऊ सुती कापडाने लेन्स पुसा. पदराने किंवा शर्टाच्या टोकाने पुसू नका, कारण त्यात धूळ असते आणि तिचे ओरखडे पडतात.

चेहरे काळे पडणे. वर्गाचा फोटो काढताना मुलांच्या पाठीमागे सूर्य किंवा उजेडाची खिडकी असेल, तर कॅमेरा त्या उजेडाप्रमाणे फोटो गडद करतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे तो चेहऱ्याप्रमाणे उजेड मोजेल. त्याहून सोपं म्हणजे रांगच फिरवा. मुलं झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत उभी करा, डोळे मिटणार नाहीत.

अंधारात फोटो हलणे. भुलेश्वराच्या मंदिरात आत उजेड कमी असतो. कमी उजेडात कॅमेरा जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो आणि तेवढ्या वेळात हात हलतो. कोपरं अंगाला टेकवा, श्वास रोखा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबताना बसणारा धक्का त्याने टळतो. फ्लॅश मारला की उजेड समोरून सपाट पडतो आणि कोरीवकामाचा उठाव नाहीसा होतो. दारातून तिरका येणारा उजेड असेल तेव्हा मूर्ती उठून दिसते. आधारासाठी मूर्तीला किंवा कोरीव खांबाला टेकू नका. स्टँड लावायचा असेल तर आधी विचारा, संरक्षित वास्तूंत त्याला बहुधा परवानगी लागते.

लेन्सला बुरशी लागणे. ज्यांच्याकडे वेगळ्या लेन्सचा कॅमेरा आहे त्यांची पावसाळ्यातली ही मोठी डोकेदुखी. हवेतली आर्द्रता बरेच दिवस ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसायला लागतात. ही बुरशी काचेवरचा लेप खाते, मग ती साफ केली तरी डाग राहतो. कॅमेरा कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला घर देणं. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा प्लास्टिकचा डबा घ्या आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. बुटांच्या खोक्यातल्या जुन्या पुड्या बहुतेक वेळा आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात. रंग बदलणारं सिलिका जेल मिळतं, रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतं. महत्त्वाचं म्हणजे कॅमेरा वापरत राहा, तो बंद पेटीत लवकर खराब होतो.

भिजलेला मोबाईल तांदळात ठेवणे. हा उपाय फार लोकप्रिय आहे, पण फारसा उपयोगाचा नाही. तांदळाची भुकटी चार्जिंगच्या भोकात जाते ती वेगळीच. मोबाईल बंद करा, पुसा आणि भोक खाली करून वाऱ्याला ठेवा. पूर्ण वाळल्याशिवाय चार्जरला लावू नका.

कार्डमधले फोटो उडणे. फोटो साठवला जात असताना कार्ड काढलं किंवा बॅटरी संपली, की कार्ड बिघडतं. असं झालं तर त्या कार्डवर एकही नवा फोटो काढू नका. चुकून पुसलेले फोटोही बरेचदा लगेच नाहीसे होत नाहीत, फक्त त्यांची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. त्यावर नवं काही लिहिलं गेलं की मग ते परत मिळत नाहीत. कार्ड बाजूला ठेवून संगणकावरच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने प्रयत्न करता येतो. "कार्ड लॉक आहे" असा संदेश आला तर घाबरू नका. कार्डच्या कडेला बारीक खटका असतो, तो सरकलेला असेल.

जुन्या कॅमेऱ्यातले सेल. ऐंशी-नव्वदच्या दशकातला हॉट शॉट किंवा कोडॅकचा साधा रोलचा कॅमेरा कुणाच्या घरी असेल, तर आज तो उघडून पाहा. आत सेल राहिले असतील तर त्यांतून रसायन गळून पांढरट-हिरवट थर जमतो आणि पत्र्या गंजतात. पण एक काळजी घ्या. आत रोल असण्याची शक्यता असेल तर मागचं झाकण उघडू नका, आत उजेड गेला की सगळं चित्र जातं. फक्त सेलचा कप्पा उघडा आणि कॅमेरा रोल धुणाऱ्या स्टुडिओत न्या. त्या रोलमध्ये कुणाचं तरी बारसं असू शकतं.

२. प्रवासातल्या अडचणी

वारीत पाऊस. आषाढात पाऊस येणारच. एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घ्या, लेन्सपुरतं भोक पाडा आणि रबर लावा. वीस रुपयांत पावसाळी कोट तयार होतो. मोबाईलसाठी दोन रुमाल ठेवा, एक हात पुसायला आणि एक फक्त लेन्स पुसायला. फोटोच्या नादात महामार्गाच्या दुभाजकावर चढू नका आणि मुलांनाही चढू देऊ नका. दिंडी चालत असते, तिच्यापुढे उलटं चालत फोटो काढणारा माणूस स्वतःही पडतो आणि वारकऱ्यांनाही पाडतो. रस्त्याच्या कडेला एका जागी उभं राहा, दिंडी तुमच्यासमोरून जाईल.

जेजुरीचा भंडारा. हळदीची पूड फार बारीक असते. लेन्सवर भंडारा पडला की आपला हात आपोआप ओल्या रुमालाकडे जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. ओली हळद काचेच्या कडेत घट्ट बसते. क्रम असा ठेवा : आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रशने झाडा आणि सगळ्यात शेवटी कापडाने पुसा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब उडतात. गडावर असताना लेन्स बदलू नका. जी लावायची ती खाली पायथ्याशीच लावून वर चढा.

गुऱ्हाळाची वाफ. काहिलीजवळ गेलं की लेन्सवर वाफ जमते. गार गाडीतून एकदम उन्हात उतरल्यावरही असंच होतं. गार काचेवर गरम दमट हवा आली की पाणी साचतं, हे आपण विज्ञानात शिकवतोच. ती वाफ पुसत बसू नका. कॅमेरा बंद पिशवीत १५-२० मिनिटं राहू द्या, बाहेरच्या हवेइतका कोमट झाला की काढा. काहिलीच्या फार जवळ मुलांना नेऊ नका, उकळता रस उडतो.

भिगवणचे पक्षी. कुंभारगाव आणि डिकसळ इथून नावाड्यांच्या होड्या मिळतात. मोबाईलचा झूम ताणला की पक्ष्याचे ठिपके होतात, कारण मोबाईल एका मर्यादेनंतर चित्र जवळ आणत नाही, नुसतं फुगवतो. पक्षी लहान दिसला तरी चालेल, त्याच्यासोबत पाणी, होडी आणि सकाळचा उजेड घ्या. मोठ्या लेन्सचा कॅमेरा असेल तर होडी हलते म्हणून शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जास्त ठेवा. आणि फोटोसाठी थवा उडवायला नावाड्याला सांगू नका. तो थवा खाऊन-पिऊन लांबच्या प्रवासाची ताकद जमवत असतो.

विमानाचा प्रवास. मुलगा किंवा मुलगी परदेशात असलेली घरं आता गावोगावी आहेत. आजी-आजोबा विमानाने जातात तेव्हा एक नियम त्यांना नक्की सांगा : पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या सामानात टाकायच्या नाहीत, हातातल्या पिशवीत ठेवायच्या. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक सहसा चालते. हिशेब सोपा आहे. २०,००० एमएएचला ३.७ व्होल्टने गुणा आणि १,००० ने भागा, ७४ वॉट-तास येतात, म्हणजे चालेल. ३०,००० ची असेल तर १११ येतात, मग विमान कंपनीची परवानगी लागते. पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचं आहे, तिथे फोटो काढू नयेत. कुणाकडे न धुतलेला रोल असेल तर तोही हातातल्या पिशवीत ठेवावा आणि शक्य असेल तिथे क्ष-किरण यंत्रात न घालता हाताने तपासायची विनंती करावी. आणि घरातल्या जुन्या फोटोंचा आल्बम नातवंडांना दाखवायला न्यायचा असेल तर प्रती न्या, मूळ आल्बम घरी राहू द्या.

३. जुन्या फोटोंचं स्कॅनिंग

काचेला चिकटलेला फोटो. भिंतीवरच्या फ्रेममध्ये ओल जाऊन फोटो काचेला चिकटलेला असतो. तो ओढून काढू नका, चेहरा काचेवरच राहील. फ्रेमसकट काचेवरूनच स्कॅन करा किंवा फोटो काढा. चिकट पानांच्या आल्बमचंही तसंच. आधी पानासकट स्कॅन करा, मगच फोटो सोडवायचा प्रयत्न करा. सोडवताना दातांत घालायचा बारीक धागा फोटोच्या मागून हळूहळू सरकवावा. घर गळून फोटो भिजले असतील तर ते एकमेकांवर तसेच वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात अलगद सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. घरच्या शाईच्या प्रिंटरवर छापलेले फोटो मात्र पाण्यात घालू नका, त्यांची शाई पसरते.

प्रत्येक स्कॅनवर तोच ठिपका. ठिपका एकाच जागी येत असेल तर तो फोटोवर नाही, स्कॅनरच्या काचेवर आहे. काच पुसायचं द्रव कापडावर घ्या, थेट काचेवर फवारू नका. ते कडेने आत झिरपतं आणि मग आतून डाग पडतो.

किती डीपीआय ठेवायचा? याचा गणिताच्या तासाला छान उपयोग होईल. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. ४ × ६ इंचाचा फोटो ३०० ला स्कॅन केला तर १,२०० × १,८०० म्हणजे २१,६०,००० ठिपके मिळतात. तेवढ्याच आकारात पुन्हा छापायला हे पुरेसं आहे. ६०० ला केला तर ८६,४०,००० मिळतात, म्हणजे मोठा करूनही छापता येईल. पासपोर्ट फोटो जेमतेम १.४ × १.८ इंचांचा असतो. तो ३०० ला केला तर ४२० × ५४० ठिपकेच मिळतात, म्हणून मोठा केला की चेहरा फुटतो. तोच १,२०० ला केला तर १,६८० × २,१६० मिळतात. म्हणजे मूळ चित्र जितकं लहान, तितका डीपीआय जास्त. आजोबांचा चेहरा ओळखू येत नाही, या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

निगेटिव्ह. साध्या रोलची निगेटिव्ह ३६ × २४ मिलिमीटरची, म्हणून तिला किमान २,४०० डीपीआय हवा. पण शाळेच्या ऑफिसातल्या प्रिंटर-स्कॅनरवर ती बहुधा काळी येते, कारण निगेटिव्हच्या आरपार जाणारा उजेड लागतो आणि त्या यंत्रात तो नसतो. घरगुती उपाय असा : टॅबवर पूर्ण पांढरा पडदा लावा, त्यावर काही अंतर ठेवून निगेटिव्ह धरा, वरून मोबाईलने फोटो काढा आणि ॲपमध्ये रंग उलटे करा. अंतर नसेल तर पडद्याचे ठिपकेही फोटोत येतील. निगेटिव्ह नेहमी कडांना धरा. जिथे प्रिंट हरवली आहे तिथे निगेटिव्ह हेच मूळ असतं, म्हणून आल्बमच्या खिशातल्या त्या तपकिरी पट्ट्या कचरा समजून टाकू नका.

लालसर पडलेले रंगीत फोटो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि फोटो लाल दिसतो. आधी आहे तसा स्कॅन करून ठेवा. रंगदुरुस्ती त्याच्या प्रतीवर करा, मूळ स्कॅनला हात लावू नका. कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत सेटिंगवर स्कॅन करा, म्हणजे पिवळे डाग आणि चित्र वेगळं ओळखता येतं.

चेहरा "सुधारणारी" ॲप. हल्ली एका बोटात जुना फोटो लख्ख करून देणारी ॲप आली आहेत. पुसट चेहऱ्याच्या जागी ती अंदाजाने नवा चेहरा बसवतात. दिसायला तो छान दिसतो, पण ते आपले पणजोबा नसतात. गंमत म्हणून करा, जपून ठेवायची प्रत मात्र मूळ स्कॅनचीच असावी.

स्कॅनर नसेल तर. मोबाईलने चांगली प्रत निघते. उन्हात नाही, पण उजेडाच्या खिडकीशी फोटो सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाईल बरोबर समांतर धरा. कागदपत्रं स्कॅन करायचं ॲप वापरू नका, ते अक्षरं ठळक करतं आणि चेहऱ्यावरच्या बारीक छटा खाऊन टाकतं. गावातल्या ग्रुपवर पाठवताना फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, नाहीतर तो आपोआप लहान होतो. पेटीत मूळ फोटो आणि मोबाईलमध्ये ग्रुपवरून आलेली बारकी प्रत, एवढंच बऱ्याच घरांत उरलेलं असतं.

मागची बाजू आणि नावं. फोटो उलटा करून मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, "चि. सौ. कां." असं काहीतरी तिथे असतं. फाईलचं नाव सालापासून सुरू करा, उदाहरणार्थ "१९८४-चौथीचा-वर्ग-भांडगाव". मग फोटो आपोआप सालाप्रमाणे लागतात. आणि डावीकडून उजवीकडे, कोण कुठे बसलं आहे, हे त्याच दिवशी लिहा.

प्रती कुठे ठेवायच्या? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि पुण्यात नदीकाठच्या घरांतून भांडीकुंडी, कागदपत्रं, फोटो सगळं वाहून गेलं. ज्यांच्या फोटोची एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे होती, त्यांच्यापाशी निदान तेवढं उरलं. नियम अजूनही तोच आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक दुसऱ्या घरी. एक संगणकावर, एक हार्ड डिस्कवर, एक मामाकडे किंवा गूगलवर. गूगलची मोफत जागा १५ जीबीच असते आणि जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजले जातात, त्यामुळे "सगळं आपोआप साठतंय" या भरवशावर राहू नका. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक आहे, वर्षानुवर्षं साठवायला नाही.

शाळेत काय करता येईल?

पाचवी ते आठवीच्या मुलांना एक उपक्रम द्या. प्रत्येकाने घरातला एकच जुना फोटो निवडायचा. तो फ्रेममधून न काढता, वर सांगितल्याप्रमाणे खिडकीशी धरून मोबाईलने त्याची प्रत घ्यायची. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून पाच गोष्टी विचारून लिहायच्या : फोटोत कोण आहे, कुठे काढला, अंदाजे कोणत्या साली, कोणत्या प्रसंगी, आणि मागे दिसणारी जागा आज कशी आहे. मराठीचा निबंध, इतिहासाचं साधन आणि गणितातलं डीपीआयचं उदाहरण, तिन्ही एका फोटोत होतात. फोटो सर्वांना दाखवण्याआधी घरच्यांची परवानगी घ्या, आणि वर्गातल्या मुलांचे फोटो बाहेर टाकतानाही पालकांना विचारा.

हा उपक्रम दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नका, याच महिन्यात करा. चांगला स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल, कदाचित आणखी चांगला मिळेल. पण १९६५ सालच्या फोटोत दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी उभी असलेली मुलगी कोण, हे सांगणारी आजी आज ऐंशीच्या पुढे आहे. तिच्याकडून नावं लिहून घेतली नाहीत, तर कितीही स्वच्छ स्कॅन केला तरी त्यात अनोळखी माणसंच उरतील.

आपल्या शाळेत हा उपक्रम केलात तर कोणती अडचण आली आणि ती कशी सोडवली, हे इतर शिक्षकांनाही जरूर कळवा.